थोरला पायदळात, मधला बोटीवर

पत्र :
माझा थोरला मुलगा पायदळात आहे, मधला नौदलात. दोघांना एकदम रजा मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, आणि तो आला की घरात दिवसभर एकच विषय : कोणाचं दल भारी. थोरला मधल्याला 'समुद्रावरचे पर्यटक' म्हणतो, मधला त्याला 'चिखलातले बेडूक' म्हणतो. आम्ही हसतो. (मागे त्यांच्या मामाने मधल्याला असंच काहीतरी म्हटलं, तर थोरलाच मामावर उखडला. मला गंमत वाटली.) पण गेल्या रजेत जेवताना थोरला बोलून गेला, "तुमची लढाई रडारच्या पडद्यावर. मरायला आम्हीच पुढे." मधला ताटावरून उठला. तीन आठवडे झाले, दोघांचं बोलणं बंद आहे. त्यात शेंडेफळ लेक पदवीच्या शेवटच्या वर्षाला, तिलाही वर्दी घालायची आहे. कल हवाई दलाकडे. वर्षातले आठ महिने सर्दीने शिंकत असते, पण हट्ट आकाशात जायचा. दोघे भाऊ तिला आपापल्या दलाकडे ओढतात. ही चेष्टामस्करी मी बंदच करून टाकू का? आणि खरंच, तिघांत श्रेष्ठ कोण? लेकीला काय सांगू?
– एक आई

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. मामाची. तिच्याकडे येतेच, पण आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी कुठल्या बाजूची हा संशय राहायला नको. मी फौजी डॉक्टर होते. आमच्यात डॉक्टरला कुठल्याही दलात धाडतात, त्यामुळे मी पायदळाच्या छावणीत राहिले, विमानतळावर राहिले आणि थोडे महिने बोटीवरही काढले. तिन्ही ठिकाणी मला 'तुमच्या त्या लोकांकडे' असं म्हणून टोमणे बसले, आणि दर वेळी 'ते लोक' वेगळे होते.

आता मामा. थोरला स्वतः भावाला वाट्टेल ते बोलतो, पण बाहेरच्याने तेच शब्द काढले की अंगावर जातो. ही चेष्टा निकोप असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. सख्ख्या भावंडांत जे चालतं तेच दलादलांत चालतं. एकमेकांच्या झिंज्या उपटतील, पण शेजारचा पोर मध्ये पडला तर दोघं मिळून त्याला बडवतील. तेव्हा चेष्टा बंद करायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही बंद केलीत तर ती स्वयंपाकघरातून गच्चीवर जाईल, एवढंच.

एका वॉर्डातली गोष्ट सांगते. तीन खाटा ओळीने. पहिल्यावर पायदळातला एक हवालदार, गुडघ्याखाली प्लास्टर. दुसऱ्यावर बोटीच्या इंजिनरूममधला नौसैनिक, वाफेने भाजून दोन्ही हात बँडेजमध्ये. तिसऱ्यावर हवाई दलाचा तंत्रज्ञ, पाठीचं दुखणं, हलायची बंदी. सकाळी उठल्यापासून तिघांची जुंपायची. नौसैनिकाला स्वतःच्या हाताने काही करता येत नव्हतं, म्हणून त्याला आवरून द्यायचं काम हवालदाराने आपणहून घेतलं होतं. कुबड्या टेकत जायचा, वाडग्यात गरम पाणी घ्यायचा आणि त्याचं तोंड पुसता पुसता नौदलाची अब्रू काढायचा. एकदा मी राउंडला गेले तर वस्तरा हातात घेऊन याचा आग्रह चालला होता, "आज ही दाढी साफ करूनच टाकतो, माणसात दिसशील." आणि तो बँडेजमधले हात तोंडासमोर धरून ओरडत होता, "मॅडम, याला आवरा. दाढी ठेवायची परवानगी आम्हालाच आहे, म्हणून जळतोय." (खरं आहे ते. कित्येक देशांत नौदलाला दाढीची जुनी सवलत आहे आणि पायदळाला ती नसायची. ब्रिटिश लष्कराला ती सरसकट मिळाली २०२४ साली!) शेवटी तह झाला. दाढी राहिली, हवालदाराने ती कात्रीने नीट कातरून दिली. तिसऱ्या खाटेवरून पाठ न हलवता सूचना येत होत्या : डावीकडे जास्त राहिली, उजवीकडे खड्डा पडला. "हवाई दल नेहमीप्रमाणे लांबून मार्गदर्शन करतंय," असं दोघं एकदम म्हणाले.

तुमच्या मुलांचे 'पर्यटक' आणि 'बेडूक' याच जातीचे आहेत. बिछाना, जेवण, दाढी, कपड्यांची इस्त्री, कोण किती चालतो आणि कोण किती झोपतो, यावर हवं ते बोलावं. जगभर हेच चालतं. ब्रिटिश नौसैनिक पायदळाच्या माणसाला 'पाँगो' म्हणतात आणि हवाई दलवाल्याला 'क्रॅब', म्हणजे खेकडा. ब्रिटिशांचं हवाई दल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झालं, स्वतंत्र हवाई दल म्हणून जगातलं पहिलं. तारीख बघा आणि उरलेल्या दोन दलांनी त्याचं काय केलं असेल याची कल्पना करा. ब्रिटिश परंपरेतल्या नौदलांत सॅल्यूट करताना तळवा खाली वळवतात. दोरखंडांच्या डांबराने काळे झालेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही पद्धत पडली, असं नौदलवाले अभिमानाने सांगतात. पायदळवाले म्हणतात, हात धुवायचं सुचलं नसेल.

एक जुना विनोद सगळ्या छावण्यांत फिरतो. मूळचा इंग्रजीतला, अमेरिकी, पण मराठीत तो जास्त चांगला बसतो असं माझं मत आहे. वरून एकच हुकूम सुटतो : 'त्या इमारतीचा बंदोबस्त करा.' नौदलवाले जाऊन दिवे मालवतात, खिडक्या-दारं लावून कुलूप घालतात. पायदळवाले चारी बाजूंनी पहारा बसवतात आणि ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. मरीन, म्हणजे जहाजांवरून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक, गोळ्या झाडत आत घुसतात आणि पाठीमागे इमारत म्हणून काही ठेवत नाहीत. हवाई दलवाले तीन वर्षांचा भाडेकरार करतात, पुढे विकत घ्यायची सोय ठेवून. या विनोदात चौघांचीही टोपी उडवली आहे आणि चौघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. ज्याला दुसऱ्याचं काम अजिबात ठाऊक नाही त्याला असा विनोद करता येत नाही.

ठाऊक नसलं की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. नोकरीची पहिली वर्षं, पायदळाच्या दवाखान्यात. फोन आला, "कॅप्टन बोलतोय, माझ्या एका माणसाच्या रिपोर्टचं काय झालं?" पायदळात कॅप्टन म्हणजे कोवळा पोरगा, नोकरीची चार-पाच वर्षं झालेला. मी म्हटलं, थांबा, ओपीडी चालू आहे, अर्ध्या तासाने करा. अर्ध्या तासाने बरोबर फोन आला, तितकाच शांत आवाज. तो नौदलाचा कॅप्टन होता. नौदलातला कॅप्टन म्हणजे पायदळातला कर्नल. पायदळाच्या कॅप्टनइतका नौदलातला माणूस हवा असेल तर तो लेफ्टनंट. शब्द एक, आणि मध्ये तीन पायऱ्या. मी एका अख्ख्या जहाजाच्या मालकाला अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं. नंतर बोटीवर गेले तेव्हा ही कथा माझ्या आधीच तिथे पोचलेली होती.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. आता थोरल्याचं वाक्य.

"मरायला आम्हीच पुढे." ताई, तो अगदीच खोटं बोलला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. बहुतेक युद्धांत मेलेल्यांचा मोठा वाटा पायदळाचाच असतो. पण बोटीवरचं मरण वेगळ्या हिशेबाने येतं. २४ मे १९४१ रोजी 'हूड' ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली तेव्हा तिच्यावर १,४१८ माणसं होती. वाचली तीन. आपल्याकडे ९ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून निघाले नाहीत. नौदलात शिरलेल्या प्रत्येक पोराला हे नाव पहिल्या वर्षातच कळतं. आणि लेकीच्या आवडत्या आकाशाचं म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या शाखेत, सुमारे १,२५,००० जणांनी विमानांतून कामगिरी केली, त्यांतले ५५,५७३ मारले गेले. त्यांच्याबद्दलही जमिनीवरचे लोक म्हणत होतेच की, रात्री गादीवर झोपतात.

बोटीवरच्या माणसाला पळायला जागा नसते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पहिल्याच रात्री पाण्याच्या पातळीखालच्या एका कप्प्यात मला आग विझवण्याचा सराव दाखवला. कप्प्याचं जाड दार कसं लावायचं, आणि वेळ पडली तर ते आत माणूस असतानाही कसं लावावं लागतं, हे एका वीस-बावीस वर्षांच्या पोराने मला समजावून सांगितलं. आवाजात काही फरक नव्हता; बाथरूमचा नळ कसा बंद करायचा हे सांगावं तसं. तुमचा मधला असाच कुठला तरी दरवाजा रोज बघतो. त्याला 'रडारचा पडदा' म्हटल्यावर तो ताटावरून उठला यात मला नवल वाटत नाही. चेष्टेत एक गोष्ट मोजायची नसते, कोण किती मरतं ती. थोरल्याने ती मोजली.

असं का झालं असावं, याचा माझा एक अंदाज आहे. माणूस असं बोलतो तेव्हा त्याच्या पलटणीत नुकतंच काहीतरी घडलेलं असतं, जे त्याने घरी सांगितलेलं नसतं. विचारू नका त्याला. पण मनात असू द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी या चढाओढीचा दुसरा चेहरा सांगते, कारण घरातल्या मुलांनी ते वळण घेऊ नये. विनोदातून कुठल्याही फौजेचं नुकसान झालेलं नाही. नुकसान होतं पैसा, हत्यारं आणि माहिती यांच्या वाटणीवरून, आणि तिथे कोणी हसत नसतं. दुसऱ्या महायुद्धातलं जपान बघा. त्यांच्या लष्कराला आणि नौदलाला एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं. दोघांच्या मशीनगन ७.७ मिलिमीटरच्या, पण नौदलाची गोळी लष्कराच्या बंदुकीत बसायची नाही. जर्मनीचं एकच विमान-इंजिन, डायमलर-बेंझचं, दोघांनी वेगवेगळ्या कारखान्यांत परवान्यावर बनवलं. लष्कराचं कावासाकीकडे, नौदलाचं आयचीकडे. पुढे बेटांवर अडकलेल्या आपल्या सैनिकांना रसद पोचवायला लष्कराने काय करावं? स्वतःच्या पाणबुड्या बांधल्या! लष्कराने, पाणबुड्या! अडतीस झाल्या. घरातल्या दोन भावांनी एका छपराखाली दोन चुली मांडाव्यात, त्यातला प्रकार, आणि बाहेर शत्रू दाराशी.

अमेरिकेतही हे झालं. १९४७ मध्ये त्यांचं हवाई दल लष्करातून वेगळं निघालं आणि अणुबाँब कोणी वाहून न्यायचा यावरून नौदलाशी जुंपली. नौदलाला प्रचंड विमानवाहू जहाज हवं होतं, हवाई दलाला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं. १८ एप्रिल १९४९ ला त्या जहाजाचा कणा गोदीत ठेवला गेला आणि पाच दिवसांनी, २३ एप्रिलला, संरक्षणमंत्र्यांनी कामच रद्द केलं. नौदलाच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला, ॲडमिरल लोक उघडपणे बोलायला लागले. त्या भांडणाला 'ॲडमिरलांचं बंड' असंच नाव पडलं. खरी किंमत चुकवली ती बऱ्याच वर्षांनी, वाळवंटात. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेने मोहीम काढली. हेलिकॉप्टरं नौदलाची, ती उडवणारे बहुतेक मरीन, मोठी विमानं हवाई दलाची, आत घुसायचं काम लष्कराच्या कमांडोंचं. सगळ्यांनी मिळून पुरेसा सराव केलेला नव्हता. हेलिकॉप्टरं बिघडत गेली, मोहीम मध्येच सोडून दिली, आणि परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण जळून मेले. तेव्हा कुठे १९८६ मध्ये कायदा झाला. जनरल किंवा ॲडमिरल व्हायचं असेल, तर आधी दुसऱ्या दलांच्या लोकांबरोबर एकत्र नोकरी करून दाखवा!

मग हा भेदच पुसून टाकला तर? कॅनडाने तोही प्रयोग करून पाहिला. १ फेब्रुवारी १९६८ पासून लष्कर, नौदल, हवाई दल असं काही उरलं नाही. एकच फौज, सगळ्यांना एकसारखी हिरवी वर्दी. कागदावर छान दिसतं. पण समुद्रावर नोकरी करणाऱ्याला हिरवी वर्दी चढवून 'आता तूही सगळ्यांसारखा' म्हणून सांगणं म्हणजे त्याचं आडनाव काढून घेण्यासारखं होतं. ऐंशीच्या दशकात वेगळ्या रंगांच्या वर्द्या परत आल्या आणि २०११ मध्ये जुनी नावंही परत दिली. फौज मात्र एकच राहिली. मला हा तोडगा आवडतो, आणि तुमच्या घरालाही तो लागू पडेल असं वाटतं. चूल एक, टोप्या वेगळ्या.

चढाओढ कशी खेळावी ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्याच लष्करी आणि नौदल अकादमींचा फुटबॉल सामना बघावा. (त्यांचा फुटबॉल, हाताने खेळतात तो.) पहिला सामना १८९० साली झाला, नौदलाने २४-० असा जिंकला. लष्कराचं प्रतीक खेचर, नौदलाचं बोकड. एकमेकांचे प्राणी पळवण्याचे उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. १८९३ च्या सामन्यानंतर एक ॲडमिरल आणि एक जनरल द्वंद्वयुद्धापर्यंत पोचले होते असं सांगतात. ते खरं असो नसो, पुढची पाच वर्षं सामना झाला नाही एवढं नक्की. पण मला आवडतो तो शेवट. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहतात. आधी हरलेल्यांच्या प्रेक्षकांसमोर जाऊन त्यांच्या अकादमीचं गीत म्हणायचं, जिंकलेल्यांनीही, टोप्या काढून. मग सगळे पलीकडे जातात आणि जिंकलेल्यांचं गीत होतं. त्यामुळे तिथली पोरं वर्षभर एकमेकांना 'हरवू' म्हणत नाहीत, 'आम्ही दुसऱ्यांदा गाणार' म्हणतात.

आता लेक. 'श्रेष्ठ कोण' याचं उत्तर मी देणार नाही, कारण ते प्रत्येक युद्धात बदलतं आणि ठरवणारा सहसा निवृत्त झालेला असतो. पण तिघांत फरक काय, हे मात्र मी सांगू शकते, तेही माझ्या पद्धतीने, दुखण्यांवरून.

पायदळाचा दवाखाना म्हणजे पाय. फोड, मुरगळ, गुडघे, टाचा, ओल्या मोज्यांनी पांढरी पडून सोललेली कातडी. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात पाय सडून हजारो सैनिक निकामी झाले, तेव्हापासून तरुण अधिकाऱ्याला रोज आपल्या माणसांचे पाय तपासायला शिकवतात. हे ऐकायला किळसवाणं वाटेल, पण पायदळाचं सगळं सार त्यात आहे असं मला वाटतं. बावीस वर्षांचा अधिकारी गुडघ्यावर बसून चाळीस वर्षांच्या सुभेदाराचा तळपाय बघतो. पायदळात काम माणसांचं असतं. ज्याला तीस जणांच्या घरच्या अडचणी, कोणाचं कर्ज, कोणाचं लग्न हे लक्षात ठेवायला आवडतं, त्याने तिकडे जावं.

नौदलाचा दवाखाना म्हणजे बोटं आणि पोट. दारात चेमटलेली बोटं, भाजलेले हात आणि समुद्र लागणं. समुद्र लागतो म्हणून लाजायचं कारण नाही, ब्रिटिशांच्या नामवंत ॲडमिरल नेल्सनला जन्मभर लागत होता. एक जुनं वचन आहे, पायदळ माणसाला हत्यार देतं आणि नौदल हत्याराला माणसं देतं. बोट हेच हत्यार, आणि कॅप्टनपासून आचाऱ्यापर्यंत सगळे तिच्या पोटात. बुडाली तर सगळे, तरली तर सगळे. झोप मात्र विसरायची. चार-चार तासांचे वॉच, म्हणजे कामाच्या पाळ्या, असतात, आणि संध्याकाळी चार ते आठचा मुद्दाम दोन तुकड्यांत तोडतात, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येऊ नये. पाणबुडीवर तर एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच्याच ऊबदार बिछान्यात शिरायचं, अशीही वेळ येते. जिला स्वतःची खोली, स्वतःची उशी लागते, तिने दोनदा विचार करावा.

हवाई दलाचा दवाखाना म्हणजे कान, नाक आणि पाठ. आणि लपवाछपवी! तापात फणफणलेला वैमानिक 'काही नाही, धुळीची ॲलर्जी' म्हणून समोर बसतो, कारण मी 'सर्दी' लिहिलं की त्याचं उडणं बंद. तुमच्या लेकीला हे सांगा. आणखी एक सांगा, ते भाऊ सांगणार नाहीत. पायदळात अधिकारी आपल्या माणसांना घेऊन पुढे जातो. हवाई दलात पुष्कळदा वैमानिक एकटा किंवा दोघं वर जातात आणि शेकडो माणसं खाली राहतात. ती रात्रभर जागून इंजिन तपासतात, सकाळी ओळीने चालत धावपट्टीवरचे खडे-खिळे वेचतात, कारण एवढासा खडा इंजिनात गेला तरी संपलं. मग एक तंत्रज्ञ कागदावर सही करतो की विमान उडायला योग्य आहे, आणि वैमानिक त्या सहीवर जीव टाकून वर जातो. मी अशी सही करणारे हात थरथरताना पाहिलेत; त्यांना कोणी शूर म्हणत नाही. हवाई दल म्हणजे फक्त कॉकपिट असं तिच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढा. त्या खाली उभं राहणाऱ्या गर्दीत तिला स्वतःला बघता येत असेल, तर खुशाल जाऊ द्या.

भावांना तिच्या बाबतीत एकच काम द्या. दोघांनी आपापल्या दलाचा सगळ्यात वाईट दिवस तिला सांगायचा, एकट्याने, दुसरा समोर नसताना. चांगले दिवस ते जाहिरातीसारखे सांगतात, त्यावर तिने काही ठरवू नये.

आणि अबोल्याचं. तुम्ही मध्यस्थी करू नका, दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवा' म्हणू नका; फौजी माणसं असल्या बैठकीत खुर्चीसारखी ताठ होतात. थोरल्याला एकट्याला गाठा आणि एवढंच सांगा की मधल्याला फोन कर आणि विचार, तुझा वॉच किती वाजता संपतो. माफी मागायला लावू नका, ती त्याला येणार नाही आणि मधल्याला घेता येणार नाही. नुसतं वॉचचं विचारलं तरी मधल्याला कळेल की हा माझ्या कामाकडे बघतोय. पुढे बोट बंदरात असेल आणि घरच्यांना वर यायची परवानगी मिळत असेल, तर थोरल्याला तिथे पाठवा. मधल्याने त्याला खाली इंजिनरूममध्ये न्यावं. तिथल्या शिडीवर पायदळाच्या बुटांचं काय होतं ते मी पाहिलंय, मधल्याला पुढची पाच वर्षं पुरेल एवढा मालमसाला मिळेल.

फोन झाला आणि पलीकडून 'काय बेडूक, अजून जिवंत का?' असं काही ऐकू आलं, तर तुम्ही दाराआड थांबू नका, निघून या.

आणि लेकीच्या आठ महिन्यांच्या सर्दीचं मनावर घ्या. हवाई दलाचा अर्ज भरण्याआधी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. नाकाचं हाड वाकडं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.